बॅटरी मोठी, पोट रिकामं



परवा वस्तीवरल्या भावकीतल्या एका पोरानं इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात घातली आणि त्याच दिवशी 220 एएचची नवी कोरी आणली. जुनी 150 ची होती, पावणेदोन वर्षांत गेली. दुकानदार म्हणला, "दादा, तुमचा लोड जास्त हाय, मोठी घ्या." यानं घेतली. मी म्हणलं, लेका, 150 ची कधी पूर्ण भरली नाही, मग 220 ची कशी भरणार? तर मलाच म्हणतो, "काका, दुकानदाराला जास्त कळतंय का तुम्हाला?"

त्याला उत्तर म्हणून हे लिहितोय. मी दहावी पास माणूस, इंजिनियर नाही. पण चौदा वर्षांत चार बॅटऱ्या घालवल्या, त्यातल्या तीन माझ्याच चुकीनं. पाचवी आज सहाव्या वर्षात चालू आहे. त्यामुळं बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी हिशोब बघा. 150 एएच गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-तास, पावणेदोन युनिटच्या वर. पण ॲसिडची बॅटरी रोज तळापर्यंत उपसायची नसते, निम्मीच वापरायची. राहिले 900. त्यातलं थोडं इन्व्हर्टर खातो, हातात येतात सव्वासातशे. दोन जुने पंखे 75 वॅटचे, चार एलईडी 9 वॅटचे आणि टीव्ही 60 चा धरला तर 246 वॅट. म्हणजे तीन तास. हा झाला खर्च.

आता जमा बघा, जी दुकानदार कधीच सांगत नाही. तीन तासांत निम्मी उपसलेली बॅटरी परत पूर्ण भरायला साध्या इन्व्हर्टरला आठ ते दहा तास लागतात. शेवटचा वीस टक्के भरणा तर फार हळू होतो. गावठाणात लाईट बऱ्यापैकी असते, तिथं हे जमतं. पण आपल्या शेतातल्या वस्त्या शेतीच्या लाईनवर. आठ तास लाईट, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 170 ला येतं. परळीच्या चिमण्या आपल्याच जिल्ह्यात धूर सोडतात, पण वस्तीवरल्या बॅटरीचं पोट काही भरत नाही. आज ऐंशी टक्के भरली, उद्या सत्तर, परवा पुन्हा उपसली. ही उपासमार आहे, आणि आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त बॅटऱ्या हिनंच मरतात असं माझं ठाम मत आहे.

आत काय होतं ते सांगतो. बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच पूर्ण चार्ज केली तर ते परत ॲसिडात जातं. अर्धवट राहिली तर तिथंच खडे धरतं. बोअरच्या पाण्यानं ठिबकच्या ड्रीपरमध्ये क्षार बसतात ना, तसंच. फरक एवढाच, की ड्रीपर ॲसिड सोडून साफ होतो. प्लेटवरचा जुना खडा निघत नाही, तेवढी प्लेट कायमची गेली.

म्हणून सांगतो, चारा एकाच बैलापुरता असताना दावणीला मोठा बैल बांधून उपयोग नाही. 220 च्या बॅटरीला भरायला साधारण 20 ते 22 अँपिअर लागतात. याचा इन्व्हर्टर जुनाच, तो 10-12 च्या वर देत नाही. ही 150 च्या आधी मेली तर मला नवल वाटणार नाही.

कुणी म्हणेल, मोठी बॅटरी कमी खोल उपसली जाते, म्हणून जास्त टिकते. बरोबर आहे, पण ती रोज पूर्ण भरत असेल तरच. ज्याच्याकडं अठरा-वीस तास लाईट आणि तगडा चार्जर आहे, त्यानं खुशाल मोठी घ्यावी. वस्तीवाल्यानं आधी दोन कामं करावीत.

पहिलं, पंखा बदला. बीएलडीसी पंखा 30-35 वॅट खातो. दोन बदलले की 246 चा लोड 160-165 वर येतो. त्याच 150 च्या बॅटरीवर तीन तासांचे साडेचार होतात, आणि घर गावठाणाच्या लाईनवर गेलं तरी बिल कमी येतं. दुसरं, तीनशे वॅटच्या आसपास एक सोलर पॅनल आणि त्याला चार्ज कंट्रोलर. ऊन आपल्याला कुणाकडं मागायला जावं लागत नाही. माझी पाचवी बॅटरी टिकली ती याच पॅनलमुळं.

आता वॉरंटी. "36 अधिक 24 महिने" ऐकून आपण पाच वर्षं धरतो. त्यातले पहिले 36 महिने बदलून मिळते. पुढच्या 24 महिन्यांत फक्त नव्या बॅटरीवर सूट, आणि ती सूट छापील किमतीवर. समजा छापील किंमत 20,000 आहे आणि बाजारात तीच बॅटरी 14,500 ला मिळते. पंचवीस टक्के सूट म्हणजे 5,000. भरायचे 15,000. म्हणजे सूट घेऊन पाचशे रुपये जास्त! बदलून मिळालेल्या बॅटरीला सुद्धा नवी वॉरंटी नसते, जुन्याचे उरलेले महिनेच चालतात. कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.

आणि वजन करा. कापूस घालताना व्यापाऱ्याच्या काट्याकडं डोळे फाडून बघतो, मग बॅटरीला का लाजतो? बॅटरीची किंमत शिशाची असते. 150 एएचची उंच ट्युब्युलर पाण्यासकट पन्नास किलोच्या वर भरते. कंपनीनं दिलेलं वजन बघा, काट्यावर ठेवा. पाच-सात किलो कमी भरली तर नमस्कार करून उठा. ट्रॅक्टरची बॅटरी स्वस्त पडते म्हणून इन्व्हर्टरला लावू नका. तिच्या प्लेटा पातळ, इंजिनाला दोन सेकंद धक्का द्यायला केलेल्या. रात्रभर पंखा ओढायचं काम तिचं नाही. माझी पहिली अशीच गेली.

तिसरी मी बोअरच्या पाण्यानं मारली, हे कबूल करतो. पाणी कमी झालेलं, बाजाराला जायचा कंटाळा, ओतलं बोअरचं. बीडचं बोअर म्हणजे क्षाराचं आगर, तुम्हाला वेगळं सांगायला नको. चौदा महिन्यांत संपली. दुकानदारानं झाकण उघडलं, पाणी बघितलं आणि कार्ड परत दिलं. त्या वेळी राग आला, आज वाटतं बरोबर केलं त्यानं. जारचं फिल्टर पाणी पण चालत नाही, त्यात क्षार राहतातच. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस 1069 हे वेगळं मानक आहे, ते लिहिलेलं डिस्टिल्ड वॉटरच घ्या. वर्षाला शंभर-दोनशे रुपयांचं पाणी वाचवायला मी साडेचौदा हजार घालवले. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव 4892 होता, त्या भावानं हे तीन क्विंटल झालं. बाजारात तो भाव कुणाला मिळाला ते तुम्हीच सांगा.

देखभालीचं थोडक्यात लिहितो, फोटो काढून भिंतीला लावा.

1. महिन्याला पाण्याची खूण बघा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. पाणी चार्ज झाल्यावर घाला. ॲसिड वरून कधीच घालू नका.

2. तीनशे रुपयांचा मीटर घ्या. चार्जिंग बंद करून तीन-चार तासांनी मोजा. 12.6 च्या वर असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.8 म्हणजे रिकामी.

3. हायड्रोमीटरनं सहाही सेल बघा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष त्या सेलचा आहे. वॉरंटीत असताना हे दाखवा, संपल्यावर नाही.

4. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा आणि कोमट पाण्यानं पुसा, व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका.

5. पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीजवळ ठेवू नका. पंचवीस अंशाच्या वर दर दहा अंशाला आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. चार्ज होताना गॅस निघतो, तो पेट घेतो. म्हणून जागा हवेशीर पाहिजे, आणि जवळ बिडी नको.

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. दिवाळी झाली की टोळ्या उसाला जातात, पट्टा पडल्यावर माघारी येतात. पाच-सहा महिने घर बंद. इन्व्हर्टर बटणानं बंद केला तरी बॅटरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली तशीच पडून राहते. उन्हाळ्यात घरी यावं, लेकरांना पंखा लावावा, तर बॅटरी मेलेली. मुकादमाच्या उचलीतून घेतलेली वस्तू कोपीत सहा महिने राबून आल्यावर भंगार झालेली बघायची, याच्यासारखं वाईट काही नाही. जाताना पूर्ण चार्ज करा, वायर काढून ठेवा, पाणी बघा आणि शेजाऱ्याला सांगा, महिन्या-दीड महिन्यानं एकदा भरून ठेव. झटका मशीनच्या बॅटरीचंही हेच. हरभरा निघाला की ती कोपऱ्यात फेकतो, आणि पुढच्या हंगामात ऐन वेळी रोह्यांचा कळप आत शिरला की मशीनला शिव्या घालतो.

लिथियमचं विचारतात. एलएफपी प्रकारची चांगली असते, पाणी नको, अर्धवट भरलेली राहिली तरी कुरकुर करत नाही, म्हणजे वस्तीला सोयीची. पण किंमत दुपटीच्या पुढं जाते, आणि जुन्या इन्व्हर्टरला ती जोडता येईलच असं नाही, लिथियमची सेटिंग लागते. बिघडली तर तालुक्याला दुरुस्त करणारा आहे का, हे आधी विचारा.

आणि सोलर पंपाला बॅटरी का देत नाहीत, असं विचारणाऱ्यांना. तीन एचपीची मोटार चार तास चालवायला नऊ-दहा युनिट लागतात. वरच्या हिशोबानं एका बॅटरीतून पाऊण युनिटसुद्धा हातात येत नाही. बारा-तेरा बॅटऱ्या लागतील, पावणेदोन-दोन लाखांच्या, आणि काही वर्षांनी परत तेवढ्याच. दिवसा शेततळं भरा, उंचावर असेल तर रात्री नुसत्या उतारानं पाणी मिळेल. तेवढी स्वस्त साठवण दुसरी नाही.

शेवटी जुनी बॅटरी. ॲसिड नाल्यात किंवा बांधावर ओतून नुसता डबा भंगारवाल्याला देऊ नका. त्या पाण्यात शिसं असतं, ते मातीत मुरतं, विहिरीत उतरतं, लेकरांच्या पोटात जातं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तिचे पैसे बिलातून कापून घ्या.

सहायक कृषी अधिकारी साहेबांना एक विनंती. शेतीशाळेत खत-औषधाचं सांगता, त्यात एकदा मीटर आणि हायड्रोमीटर घेऊन या. फवारणीचा पंप, झटका मशीन, इन्व्हर्टर, सगळ्यात बॅटरी आहे आणि शेतकऱ्याला ती कुणी शिकवलेली नाही.

त्या पोराची 220 ची मी आज मोजली. बसवून नऊ दिवस झालेत. रात्रभर लाईट येऊन गेल्यावर सकाळी चार तास तशीच ठेवली, मीटर 12.3 दाखवतोय. मी काही बोललो नाही, मीटर त्याच्याच हातात दिला. आता तो पॅनलचा भाव विचारतोय.

तुमच्या बॅटरीचा सकाळचा आकडा किती येतो, तो खाली लिहा. किती एएच, किती वर्षं झाली आणि लाईट किती तास, हेही लिहा. एकमेकांचे आकडे बघू, मग कळेल चूक कुणाची.