सागाचे बियाणे कुठले?

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूलच्या डोंगरांत साग आहे. पावसाळा आला की शेतकरी बांधावरही सागाचे स्टंप (रोपाचे छाटलेले मूळ-खोड) लावतात. पण रोप कोणत्या झाडाच्या बियाचे, हे सहसा कोणी विचारत नाही. द्राक्षाच्या काडीची जात आणि खुंट पारखून घेणाऱ्या जिल्ह्यात ही बेफिकिरी खटकते. द्राक्ष चुकले तर दोन-तीन वर्षांत कळते. साग चुकला तर पुढची पिढी भोगते.

न्यूझीलंडने कॅलिफोर्नियातला रेडिएटा पाइन नेला आणि १९५०च्या दशकापासून सरळ, जोमदार झाडे निवडून त्यांचीच संतती वाढवली. तिथली बहुतेक लागवडीची वने आज याच झाडाची आहेत. आपल्याकडेही १९६०च्या दशकात सागाची निवड सुरू झाली, सरस झाडांच्या कलमांच्या बीजबागा उभ्या राहिल्या. त्यांत बी मात्र थोडे धरते, कारण सगळ्या कलमांचा फुलोरा एका वेळी येत नाही. शिवाय साग शेंड्याला फुलतो. लवकर फुललेल्या झाडाचे खोड तिथेच फुटते आणि सरळ ओंडका आखूड राहतो. हा दोष बियातून पुढेही जातो. म्हणून दिसेल त्या झाडाखालचे बी गोळा करणे लाकडासाठी घातकच.

वनविभाग आणि वनविकास महामंडळाने पेठ-सुरगाण्यातले उत्तम साग हेरून त्यांची नोंद करावी, ते तोडीतून वगळावेत आणि रोपवाटिकेतून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर बियाण्याचे मूळ लिहावे. शेतकऱ्यांनीही ते विचारल्याशिवाय रोप घेऊ नये.