‘रिमोट’ कुणासाठी?

एक कबुली देऊन टाकते. फुगतालला जायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात अध्यात्म वगैरे काही नव्हतं. डेडलाइन्स, क्लायंटचे कॉल्स आणि ‘अगं, फक्त पाच मिनिटं बोलू’ या सगळ्यापासून पळायचं होतं. मोबाइल हातात असूनही निरुपयोगी ठरेल अशी जागा हवी होती, बस्स!

अशी जागा झांस्करमध्ये सापडली. लडाखच्या दक्षिणेकडच्या या खोऱ्यात त्सारप नदीच्या काठावर एक उभा कडा आहे. त्या कड्यात एक भलीमोठी गुहा, आणि गुहेच्या तोंडाशी चिकटलेला फुगताल मठ. ‘फुग’ म्हणजे गुहाच. पुरने गावात मुक्काम करायचा, सकाळी निघायचं आणि नदीला सोबत ठेवून दोन-तीन तास चालायचं. वाट अरुंद. एका बाजूला भुसभुशीत दरड, दुसऱ्या बाजूला खाली हिरवट-राखाडी पाणी. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांनी फार शायनिंग मारू नये. इथे उंची चार हजार मीटरच्या आसपास आहे, दहा पावलांत दम लागतो!

आणि मग एका वळणावर तो दिसतो. मधमाश्यांचं पोळं कड्याला लटकावं तशा माती-लाकडाच्या पांढऱ्या खोल्या, एकावर एक. पंधराव्या शतकात जांगसेम शेरप झांगपो यांनी इथे मठ वसवला. खरं सांगते, मी पाच मिनिटं कॅमेरा काढायलाच विसरले. (नंतर भरपूर काढला, ते सोडा.)

आत गेलं की मात्र ‘पोस्टकार्ड’ संपतं आणि घर सुरू होतं. जिन्यावरून पळणारे छोटे लामा, स्वयंपाकघरातला धूर, मीठ-लोणी घातलेला चहा. गुहेत एक झरा आहे. इतक्या कोरड्या मुलखात कड्याच्या पोटात पाणी! म्हणजे ही जागा कुणी नुसता ‘व्ह्यू’ बघून निवडलेली नाही.

इथे एक दगडी पाटी आहे, अलेक्झांडर चोमा द कोरोश या हंगेरियन माणसाच्या नावाची. हंगेरियन लोक मूळचे कुठले, हे शोधायला हा पठ्ठ्या युरोपातून निघाला आणि तिबेटी भाषेत अडकला. १८२५-२६ मध्ये तो या मठात राहिला. लामांकडून शिकत त्याने जे काम केलं, त्यातून तिबेटी-इंग्रजी शब्दकोश उभा राहिला. १८३४ मध्ये कलकत्त्यात तो छापला गेला. मी तिथे काढले जेमतेम चार तास. मनातल्या मनात जरा ओशाळले.

पण खरा धक्का अजून बाकी होता. तो बसला संध्याकाळी, पुरनेत, चुलीपाशी.

जिच्या घरी उतरले होते तिला मी ‘आचे-ले’ म्हणत होते, म्हणजे आपली ताई. ती मटार सोलत होती, मीही सोलायला लागले. बोलता बोलता म्हटलं, ‘‘आचे-ले, आता गाडी पुरनेपर्यंत येते. असाच मठापर्यंत रस्ता गेला तर सगळी मजाच जाईल, नाही?’’

तिचे हात थांबले. ‘‘मजा? किसका?’’

मग तिने सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला तिला घोड्यावर बसवून पदुमला नेलं होतं. दोन दिवस लागले. ते पण उन्हाळा होता म्हणून. ‘‘सर्दी में होता तो…’’ एवढंच म्हणून तिने पुढचा मटार उचलला.

तिथल्यांसाठी ‘रिमोट’ म्हणजे हे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी फुगतालच्या वरच्या अंगाला दरड कोसळून नदी अडली. मागे काही किलोमीटर लांबीचा तलाव साचला आणि ७ मे २०१५ ला तो फुटला. खालच्या गावांचे पूल वाहून गेले. आपण ज्या पुलावर उभे राहून फोटो काढतो ना, तो गेला की तिथल्यांचं रेशन, शाळा, दवाखाना सगळंच पलीकडे राहतं.

आता चित्र बदलतंय. मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला. जुलै २०२४ मध्ये शिंकू ला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम सुरू झालं. पूर्वी दारचाहून पदुमला जायला ट्रेकर्सना आठवडाभर चालावं लागे. त्या ट्रेकच्या आठवणी काढून हळहळणारे बरेच भेटतात. मीही त्यातलीच होते. पण त्यांच्या बाळंतपणापेक्षा माझा ‘डिजिटल डिटॉक्स’ मोठा, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

रस्त्याबरोबर गर्दी येणार, प्लास्टिक येणार, ती भीती खोटी नाही. त्या अरुंद जिन्यांवर एका वेळी पन्नास जण चढले तर काय होईल, विचार करा. पण त्यावरचा उपाय ‘त्यांना रस्ताच नको’ हा नाही. उपाय आपल्याकडे आहे. पुरनेत घाईने गाडी फिरवू नका, रात्र काढा. मठापर्यंत चालत जा. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा आत ठेवा. नेलेला कचरा सॅकमधून परत आणा. आणि निघताना घरधनिणीच्या हातावर पैसे ठेवताना घासाघीस करू नका, प्लीज!

निघाले तेव्हा आचे-लेने वाटेसाठी रोटी बांधून दिली. म्हणाली, ‘‘अगली बार सर्दी में आना. टनल बन जाएगा.’’

‘जुले’ म्हटलं आणि निघाले. मोबाइलला रेंज आली तेव्हा सतरा मिस्ड कॉल्स होते. पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही. हाक मारली की कुणापर्यंत तरी पोचते, ही चैन आहे हो. आपल्याला ती सवयीची झालीय, एवढंच.