‘आम्ही’ की ‘आपण’? एका काल्पनिक बंडाचा धडा

भाषाविषयक लेखनात विज्ञानकथेला सहसा स्थान नसते. तरीही आज आम्ही एका काल्पनिक बंडखोर आघाडीविषयी लिहीत आहोत. कारण तिचा उदय आणि तिची फाटाफूट या दोहोंच्या मुळाशी एकच शब्द आहे, असे आमचे मत आहे.

डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक यांनी जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने लिहिलेल्या ‘द एक्सपान्स’ कादंबरीमालेचा पहिला भाग २०११ साली प्रसिद्ध झाला. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या श्रमिकांची ही कथा. सत्ता पृथ्वीची आणि मंगळाची. पट्ट्यातील माणसाला पाणी आणि हवासुद्धा मोजून मिळते. या अन्यायातून ‘आउटर प्लॅनेट्स अलायन्स’ उभी राहते. ती एकसंध संघटना नव्हे. परस्परांवर संशय घेणाऱ्या गटांची ती मोळी आहे. त्या मोळीला बांधणारी दोरी म्हणजे त्यांची बोली.

२०१५ साली कथेवर दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा भाषातज्ज्ञ निक फार्मर यांनी अनेक भाषांच्या मिश्रणातून या बोलीला पूर्ण रूप दिले. ‘बेल्टालोव्दा’ म्हणजे आम्ही पट्टेकरी. ‘इन्यालोव्दा’ म्हणजे आतल्या ग्रहांवरचे. ग्रहांशी निष्ठा ठेवणाऱ्याला ‘वेलवाला’ म्हणून हिणवतात. यातील ‘वाला’ आपल्या कानांना परका वाटू नये.

आता गंमत पाहावी. पट्ट्यातच जन्मलेला मिलर पृथ्वीवरच्या कंपनीसाठी पोलिसाची नोकरी करतो, म्हणून तो ‘वेलवाला’ ठरतो. उलट पृथ्वीचा माजी सेनाधिकारी फ्रेड जॉन्सन आघाडीचा नेता होतो. म्हणजे ‘बेल्टालोव्दा’ची सीमा रक्ताने आखलेली नाही, ती कृतीने आखली जाते आणि म्हणूनच सरकवताही येते.

हीच सोय मार्को इनारोस हेरतो. ‘बेल्टालोव्दा’चाच जयघोष करीत तो पृथ्वीवर अशनींचा मारा करून असंख्य निरपराधांचा बळी घेतो. पुढे सेरीसवरील साठा लुटून तेथील स्वजनांनाही तो वाऱ्यावर सोडतो. विरोध करणारे पट्टेकरी मग आपोआप द्रोही ठरतात.

मराठीने येथे एक सूक्ष्म भेद जपला आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. अन्यायाविरुद्ध उभे राहताना ‘आम्ही’ म्हणावेच लागते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या तोंडी केवळ ‘आम्ही’ असते, त्याचे वर्तुळ दिवसेंदिवस आकसत जाते आणि अखेरीस त्यात तो एकटाच उरतो. इनारोसचे नेमके हेच झाले.

भाषेच्या नावाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चळवळीने, आमच्यासह, ही कथा अवश्य वाचावी. कोणी स्वकीयाला द्रोही म्हणू लागला, तर त्याच्या ‘आम्ही’त अजून किती जण उरले आहेत, एवढे आधी मोजून पाहावे.