अंगण खरोखरच वाकडें आहे काय ?

"नाचतां येईना, अंगण वाकडें" ही म्हण आपण सर्वांनीं ऐकिलेली आहे, आणि बहुतेकांवर तिचा प्रयोगही झालेला आहे. परीक्षेंत गुण कमी पडले म्हणजे प्रश्नपत्रिकेस नांवें ठेवणारा विद्यार्थी, किंवा झेल सुटला म्हणजे डोळ्यांवर ऊन आलें असें सांगणारा खेळाडू, यांच्यासाठीं ती राखून ठेविलेली असते. परंतु सांप्रत एक नर्तक असा निघाला आहे कीं, त्यानें अंगणास वाकडें म्हटलें असतां त्यास कोणी हंसत नाहीं. उलट अंगणाचा धनीच ओशाळून खालीं मान घालतो. हा नर्तक म्हणजे संगणकावरील खेळ होय. तो सुरू झाला नाहीं, मध्येंच बंद पडला किंवा त्याचा आवाजच आला नाहीं, तर पडद्यावर एक चौकट उमटते व तींतील मजकुराचा मथितार्थ इतकाच असतो कीं, तुमचें यंत्र या खेळास पात्र नाहीं.

गेल्या नाताळच्या सुटींत माझ्या मामेभावावर हाच प्रसंग आला. तो आठवीत आहे. वर्षभर सांठविलेल्या खाऊच्या व वाढदिवसाच्या पैशांतून त्यानें एक खेळ विकत घेतला. घेण्यापूर्वीं खेळास कोणता प्रोसेसर लागतो, रॅम किती हवी, ग्राफिक्स कार्ड कोणतें असावें, ही यादी त्यानें वहींत उतरून काढिली, आणि मामांच्या लॅपटॉपशीं एकेक कलम ताडून पाहिलें. सर्व कलमें जुळलीं. खेळ मात्र असा चालला कीं, एका चित्रामागून दुसरें चित्र यावयास जांभई देण्याइतका वेळ लागे. मामा म्हणाले, "अरे, हें यंत्र हिशेबाचें. त्यास हें झेपणार कसें? पैसे टाकण्यापूर्वीं विचार करावयास नको होता काय?" पोरानें विचार केलेला होता, परंतु वही दाखविण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. मीही त्या वेळीं मामांचीच री ओढिली. पुढें या विषयाचें थोडेंबहुत वाचन झाल्यावर मात्र माझें मत पालटलें, व तेंच येथें मांडावयाचें आहे.

प्रथम अंगणाची बाजू पाहूं. दूरचित्रवाणीस जोडावयाचीं खेळाचीं यंत्रें कारखान्यांतून एका मापाचीं निघतात. एकावर नाच बसला कीं तो सर्वांवर बसला. संगणकाचें तसें नाहीं. त्याचा प्रोसेसर एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचें, ध्वनीची सोय तिसऱ्याची, आणि या सर्वांस एकमेकांशीं बोलावयास लावणारे ड्रायव्हर आणखी कोणाचे. जितकीं घरें तितकीं अंगणें. ही अडचण आजची नाहीं. १९८१ सालीं निघालेल्या आय. बी. एम. पी. सी. चा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ या गतीनें चाले, आणि त्या काळच्या कित्येक खेळांनीं वेळ मोजण्यासाठीं घड्याळाऐवजीं ही गतिच हिशेबांत धरिली होती. यंत्रें जलद झालीं तेव्हां हे खेळ इतके धांवूं लागले कीं, खेळाडूचा हात कळीवर पोंचण्यापूर्वींच डाव आटपे. म्हणून पुष्कळ यंत्रांवर 'टर्बो' नांवाचें एक बटण बसविलेलें असे. नांव वेगाचें, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्यासाठीं ! पुढें ध्वनीचीं कार्डें आलीं, तेव्हां प्रत्येक खेळ आरंभींच खेळाडूची उलटतपासणी घेऊं लागला: कार्डाचा पत्ता २२० कीं २४०? इंटरप्ट ५ कीं ७? उत्तर चुकलें तर एक तर मौनव्रत, नाहीं तर यंत्र जागच्या जागीं स्तब्ध. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टनें डायरेक्टएक्स काढिलें, तें बऱ्याच अंशीं या तपासणींतून सुटका व्हावी म्हणूनच.

त्याच सालच्या विंडोज ९५ संबंधीं एक हकीकत आहे. 'सिमसिटी' हा नगररचनेचा प्रसिद्ध खेळ जुन्या विंडोजवर सुखानें चालत असे; नव्यावर तो कोसळूं लागला. शोध करितां असें दिसलें कीं, खेळ स्मृतींतील जागा वापरून परत करी आणि परत केलेल्या जागेंतच पुन्हा डोकावून पाही. जुन्या व्यवस्थेंत ती जागा लगेच दुसऱ्या कोणास दिली जात नसे, म्हणून हा दोष झांकून राहिला होता. दोष निःसंशय खेळाचा. तरीही मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीं विंडोजमध्येंच अशी तजवीज केली कीं, 'सिमसिटी' चालूं असतां परत केलेली जागा तशीच राखून ठेवावी. त्या कंपनींत काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनीं हें लिहून ठेविलें आहे. नाचणारीसाठीं अंगणानें स्वतःस वांकवून घेतल्याचें असें उदाहरण विरळाच.

अंगण नेहमींच इतकें उदार नसतें. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियस' हा खेळ २००५ च्या जून महिन्यांत संगणकावर आला. (तो मुलांनीं खेळण्याजोगा नाहीं, असें वडील मंडळींनीं ठरविलें आहे व तें योग्यच आहे, येथें त्याच्या दुखण्यापुरताच संबंध आहे.) त्यांत स्किमर नांवाचें पाण्यावर उतरणारें एक विमान आहे. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ ची नवी आवृत्ति आली आणि हें विमान नाहींसें झालें. कोणी युक्तीनें तें बोलावून आंत बसलाच, तर खेळांतील नायक डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों तारामंडळापलीकडे फेंकला जाई. सर्वांनीं साहजिकच नव्या विंडोजवर खापर फोडिलें. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत एका हौशी जाणत्यानें कारण शोधून प्रसिद्ध केलें, तें असें : खेळाच्या यादींत प्रत्येक विमानापुढें चाकांचें माप लिहिलेलें आहे, स्किमरपुढें तें लिहावयाचें राहून गेलें. आधींच्या एका खेळांत हेंच वाहन होड्यांच्या सदरांत घातलें होतें, आणि होडीस चाकें कोठून असणार? माप नाहीं असें दिसतांच खेळानें तक्रार करावयास हवी होती. तसें न करितां तो पाटीवर त्या जागीं जो आंकडा असेल तोच वाचून घेई. आणि पाटी पुसलेली नसल्यामुळें आधींच्या वाहनाचा आंकडा तेथें शिल्लक असे. नव्या विंडोजनें आपल्या एका अंतर्गत कामासाठीं पाटीचा थोडा अधिक भाग वापरला, जुना आंकडा पुसला गेला, आणि एकोणीस वर्षांपूर्वींची गाळलेली नोंद उघडी पडली. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविलेलें उत्तर बरोबर आलें म्हणून मुलास गणित येतें असें आपण म्हणत नाहीं.

येथपर्यंत निष्काळजीपणा झाला. तो मनुष्यमात्राच्या हातून होतोच, आणि त्याबद्दल मी कोणास फार दोष देणार नाहीं. मला राग येतो तो कुलुपांचा. खेळाची चोरून नक्कल होऊं नये म्हणून विकणारे त्यास कुलूप घालतात. 'सेफडिस्क' नांवाचें कुलूप पूर्वीं शेंकडों खेळांच्या तबकड्यांवर असे, व तें विंडोजच्या गाभ्यांत आपला एक ड्रायव्हर बसवून काम करी. हा ड्रायव्हर यंत्राच्या सुरक्षिततेस घातक आहे असें ठरल्यावर २०१५ सालीं विंडोज १० नें त्यास थाराच दिला नाहीं. मायक्रोसॉफ्टचें करणें रास्त होतें. परिणाम मात्र असा कीं, ज्यानें पैसे मोजून अस्सल तबकडी घेतली, तो आपल्याच दाराबाहेर उभा. आणि ज्यानें कुलूप तोडलेली नक्कल मिळविली, तो आंत खुशाल खेळत बसलेला! २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंटेलनें जलद व काटकसरी अशा दोन जातींचीं केंद्रें असलेले प्रोसेसर विक्रीस काढिले, तेव्हां तर आणखी मौज झाली. कित्येक खेळांच्या नव्या धर्तीच्या कुलुपांस असें वाटलें कीं, काटकसरी केंद्रें म्हणजे दुसरेंच एखादें यंत्र असून खेळ परक्याच्या घरीं नेला जात आहे. तात्पुरता तोडगा काय, तर मदरबोर्डांत तशी सोय केलेली असल्यास कळफलकावरील 'स्क्रोल लॉक' ही कळ दाबून तीं केंद्रें निजवावींत. जन्मांत कधीं न लागणारी ती कळ अखेर कोणाच्या तरी उपयोगीं पडली !

यावर खेळ करणारे म्हणतील, व तें खोटें नाहीं, कीं अंगणें अगणित आहेत. प्रत्येकांत नाचून पाहणें कोणास शक्य आहे? कबूल. पण मग ज्या अंगणांत नाचून पाहिलें तेवढ्यांचींच नांवें सांगावींत. 'किमान आवश्यकता' या मथळ्याखालीं जी यादी छापतात, तिच्याप्रमाणें खेळ नुसता उघडेल, कीं सेकंदास तीस चित्रें दाखवील, कीं साठ? आणि चित्र किती बारकाईचें? हें अलीकडे कोणी कोणी सांगूं लागले आहेत. पुष्कळजण अद्यापि मौन धरितात. शिवाय दोष नेहमीं दुर्मिळ यंत्रांवरच दिसतो असेंही नाहीं. 'बॅटमॅन : आर्कम नाइट' हा खेळ २३ जून २०१५ रोजीं संगणकासाठीं निघाला. मोठमोठ्या किंमतीचीं यंत्रेंही त्यापुढें धांपा टाकूं लागलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली २८ ऑक्टोबरास. त्याच जून महिन्यांत 'स्टीम' या दुकानानें पैसे परत देण्याचा नियम केला होता : खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत व दोन तासांपेक्षां कमी खेळला असल्यास खेळ परत करितां येतो. नियम चांगला आहे. परंतु कित्येक नवे खेळ प्रथम उघडतांच ग्राफिक्स कार्डासाठीं आपली जुळवाजुळव करीत बसतात, आणि 'द लास्ट ऑफ अस' या खेळाची संगणकावरील आवृत्ति २०२३ च्या मार्चमध्यें आली तेव्हां ती जुळवाजुळवच इतकी लांबली कीं लोक कंटाळून गेले. नांदी चालली असतांच घड्याळ सुरू होतें, आणि पडदा वर जाईपर्यंत मुदत सरत येते !

माझें म्हणणें एवढेंच कीं, पात्रतेची यादी हें विकणाऱ्याचें वचन समजावें. यादीप्रमाणें यंत्र असूनही खेळ चालला नाहीं, तर तास न मोजतां पैसे परत करावे. आणि जेव्हां एखादी कंपनी जुन्या खेळाची डागडुजी सोडून देईल, तेव्हां तिनें निदान कुलूप तरी काढून न्यावें. मनाचा मोठेपणा असेल तर मूळ आज्ञावलिही खुली करावी. हें स्वप्नरंजन नव्हे. इड सॉफ्टवेअरनें १९९३ सालचा आपला 'डूम' हा खेळ चारच वर्षांनीं, १९९७ च्या डिसेंबरांत, आज्ञावलीपुरता खुला केला. चित्रें व नकाशे मात्र विकतच राहिले, म्हणजे धंदाही बुडाला नाहीं. आज नव्या कोणत्याही यंत्रावर 'डूम' चालतो, कारण जेथें तो अडला तेथें कोणी ना कोणी बसून त्यास वाट करून दिली. ज्या खेळांची आज्ञावलि बंद राहिली, त्यांच्यासाठीं स्वयंसेवकांना 'डॉसबॉक्स'सारखें सबंध जुनें अंगणच नव्या घरांत उभारावें लागलें. असल्या कामाचें वेतन त्यांस कोण देतो, हा प्रश्न मला नेहमीं पडतो.

राहतां राहिला मामेभावाचा लॅपटॉप. त्यांत चित्रें काढणारे भाग दोन निघाले : एक प्रोसेसरच्या पोटांतील अशक्त, व दुसरा निराळा बसविलेला, यादींत सांगितल्याप्रमाणें सशक्त. वीज वांचावी म्हणून खेळ अशक्ताकडेच सोंपविला जात होता, आणि खेळानेंही दुसरा आहे काय हें विचारलें नव्हतें. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें त्या खेळाच्या नांवापुढें 'हाय परफॉर्मन्स' असें निवडतांच तो सुरळीत चालूं लागला. हा शोध त्या पोरानेंच लावला, सुटीचे नऊ दिवस खर्चून. मामा पाठीमागें उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनीं वही मागितली, यादी वरपासून खालपर्यंत वाचिली, आणि विचारलें, "पण हें ह्यांत कोठें लिहिलें आहे?"