अर्धपोकळ गिटार आणि विद्यार्थ्याचा खिसा

‘एवढ्या पैशांत मिरजेचा चांगला तंबोरा येईल की!’ मुलाने इलेक्ट्रिक गिटार घेण्याचा विषय काढला की घरातील वडीलधाऱ्यांचे हे वाक्य ठरलेले असते. या वाक्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मिरज आपल्यापासून फार लांब नाही, तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि हाताने घडविलेल्या देशी वाद्यांवर सरकार जीएसटी घेत नाही. गिटारला यातील एकही सवलत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे कळते.

परंतु या वाक्यामागे आणखी एक गृहीत दडलेले असते. ते असे की तंबोरा आपला आणि गिटार परकी. या गृहीताशी माझे भांडण आहे. पेटी कोठून आली? युरोपातून. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत पुरती उठली नव्हती. तरीही मराठी रंगभूमीवरून तिला कोणी हलवू शकले नाही. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारा, कर्नाटक संगीताच्या मैफलीत व्हायोलिन परके वाटते का म्हणून! गिटारचेही तसेच. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी 1967 साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत गिटारवर राग वाजवून दाखविले. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जादा तारा चढवून मोहनवीणा केली व 1994 साली ग्रॅमी पारितोषिक आणले. तेव्हा परकेपणाचा मुद्दा येथेच सोडून देऊ आणि खऱ्या प्रश्नाकडे वळू. विद्यार्थ्याने गिटार घ्यायचीच म्हटली तर कोणती घ्यावी, आणि केवढ्याला?

माझे मत असे की बेताच्या किमतीची अर्धपोकळ गिटार घ्यावी. हे मत कोठून आले ते सांगतो, पण त्याआधी ही अर्धपोकळ भानगड काय आहे ते समजून घेणे बरे.

तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो म्हणून तार छेडली की नाद भरतो. साध्या गिटारचे अंगही असेच पोकळ. गिब्सन कंपनीने 1936 साली ईएस-150 ही विजेवर चालणारी गिटार काढली ती पोकळ अंगाचीच होती. अडचण अशी झाली की आवाज वाढविला की ध्वनिक्षेपकातून निघालेला नाद पुन्हा गिटारच्या पातळ फळीला हलवी, ते हलणे पुन्हा तारांवाटे यंत्रात जाई, आणि सभागृहात कर्कश किंचाळी उठे. आपल्या संमेलनात मुख्य पाहुणे बोलायला उभे राहताच माइक जसा ओरडतो, अगदी तस्सेच. यावर उपाय म्हणून 1950 च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. किंचाळी थांबली, पण पोकळीतला तो ओलावाही गेला. मग 1958 साली गिब्सनने ईएस-335 काढली. तिच्या अंगाच्या मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, लाकडाचा एक भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळ पंख. ठोकळ्यामुळे स्वर लांबतो व किंचाळी आवरते, पंखांमुळे नादाला हवा मिळते. अर्धपोकळ म्हणतात ती हीच. पूर्ण बंदोबस्त मात्र तीतही होत नाही. बी. बी. किंग यांच्या नावाने 1980 साली जी ‘ल्युसिल’ गिटार निघाली तिच्यात वरची छिद्रेच बुजवून टाकली होती, ती याच कारणाने.

आता इंदूरची गोष्ट. इंदूर हे माझे आजोळ. लता मंगेशकर तेथे 1929 मध्ये जन्मल्या, उस्ताद अमीर खाँसाहेबांची संथ गायकी तेथे वाढली, खांडव्याचे किशोरकुमार तेथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. तेव्हा त्या गावाला सुराचे वावडे नाही. यंदाच्या सुट्टीत मामांबरोबर मी वाद्यांची चार-पाच दुकाने पालथी घातली. एका दुकानात व्हायोलिनवर असतात तशी एफ आकाराची छिद्रे असलेल्या तीन गिटारी टांगल्या होत्या. यांत अर्धपोकळ कोणती असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘भिया, छेद है ना? तीनों वही है.’ मामांनी चष्मा वर केला आणि एका छिद्रातून आत डोकावून पाहिले. पलीकडच्या छिद्रातून दुकानाचा पंखा दिसत होता!

ही परीक्षा फुकटची आहे आणि अचूक आहे. आरपार दिसले तर गिटार पूर्ण पोकळ, मध्ये लाकडाची भिंत आडवी आली तर अर्धपोकळ. नावांवर भिस्त ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की एपिफोनची ‘कॅसिनो’ दिसायला हुबेहूब ईएस-335 च्या वळणाची, पण आतून पूर्ण पोकळ. आयबानेझच्या आर्टकोर मालिकेत एएस या अक्षरांनी सुरू होणारी ती ठोकळ्याची, एएफ ती पोकळ. ग्रेचच्या स्ट्रीमलायनर मालिकेत जी-2622 ठोकळ्याची, जी-2420 पोकळ. नुसते छायाचित्र पाहून घरपोच मागविणाऱ्याची येथेच फसगत होते. पोकळ गिटार वाईट असते असे नव्हे. ज्याला मंद आवाजात जॅझ वाजवायचे त्याला तीच हवी. परंतु आपल्याकडे गिटार वाजणार कोठे? गणपतीच्या मांडवात, ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या रंगमंचावर, जेथे ढोलकी आणि कीबोर्ड कानाशी असतात आणि ध्वनिक्षेपकवाला कोणाचेच ऐकत नाही. तेथे ठोकळा हवाच.

दुसरा गैरसमज लाकडाचा. ‘स्वस्त गिटारचे अंग प्लायवूडचे असते’ असे नाक मुरडून सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगतात ते खरेच आहे. पण ज्या मूळ ईएस-335 ची किंमत आज लाखांत मोजावी लागते तिचे अंगदेखील मेपलचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून, साच्यात दाबूनच केलेले असते! मुद्दाम तसे करतात. अशा फळीला बाक देता येतो आणि ती हवेला दाद देत नाही. आपल्याकडचा पाऊस आणि माळव्याचा कोरडा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला यात दोष दिसू नये. किमतीतला फरक येतो तो मजुरीतून, रंगकामातून, आवाज उचलणाऱ्या पिकअपमधून आणि शेंड्यावरच्या नावातून. यांतला शेवटचा घटक किती रुपयांचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गिटारच्या मानेवर बोटे फिरतात त्या पट्टीला पूर्वी शिसवी लाकूड वापरीत. 2017 च्या जानेवारीपासून शिसवीच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. वाद्यांना त्यातून 2019 च्या अखेरीस सूट मिळाली, पण दरम्यान कारखान्यांनी दुसरे लाकूड शोधले होते. एपिफोनच्या आजच्या ईएस-335 वर ‘इंडियन लॉरेल’ची पट्टी असते असे जाहिरातीत लिहिलेले वाचून मी हे कोणते विलायती झाड म्हणून शोधू लागलो, तर तो निघाला आपला ऐन! मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, सह्याद्रीत पैशाला पासरी उभा असलेला ऐन. कन्नडमध्ये मत्ती म्हणतात तो, आणि मध्य प्रदेशच्या जंगलात साज म्हणतात तोही हाच. वडीलधाऱ्यांना परकेपणाची शंका आली तर ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी.

आता मूळ प्रश्न : विद्यार्थ्यालाच अर्धपोकळ का? कारण त्याची खोली लहान असते. इंदुरात भंवरकुआँ भागात शिकवणीसाठी आलेली मुले एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. आपल्या वसतिगृहाची स्थिती काही निराळी नाही. भरीव गिटार विजेशिवाय वाजविली तर वाजविणाऱ्यालाच धड ऐकू येत नाही. साधी लाकडी गिटार रात्री अकराला वाजविली तर रेक्टर वर येतात. अर्धपोकळ या दोहोंच्या मधली. विजेशिवायही आपल्या कानाला पुरेल एवढी बोलते आणि भिंतीपलीकडे जात नाही. म्हणजे पहिले सहा महिने ॲम्प्लिफायरवाचून निभावते. ज्याला पैसे एकदम उभे करता येत नाहीत त्याच्या दृष्टीने याहून मोठा गुण दुसरा नाही. माझ्या साऱ्या मताचा पाया म्हणाल तर हाच आहे.

पैशांचे म्हणाल तर, समजा हाती चाळीस हजार आहेत, शिकवणी घेऊन वा सुट्टीत नोकरी करून साठविलेले. ते सारे नव्या गिटारमध्ये घालणे मला मान्य नाही. वाद्यावर घसारा असतो, आणि तो मोटारीसारखा पहिल्या दिवशीच सर्वांत जास्त बसतो. वर्षभर भिंतीला टांगलेली, मालकाचा उत्साह ओसरलेली गिटार पाहावी. अशा गिटारींचा या देशात तुटवडा नाही. पंचवीस-अठ्ठावीस हजारांत ती मिळाली तर उरलेल्या पैशांत कारागिराकडून तारांची उंची व मान जुळवून घ्यावी, लहानसा ॲम्प्लिफायर नंतर घ्यावा, आणि काही रक्कम शिकविणाऱ्यासाठी राखावी. या शेवटच्या बाबीवर कोणी खर्च धरीत नाही, हे आश्चर्य आहे.

आणि कृपा करून हप्त्यांवर घेऊ नये. ‘बिनव्याजी हप्ते’ या जाहिरातीला आपले कित्येक वर्गबंधू भुलतात. शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. हल्लीच्या योजनेत व्याजाएवढी सूट किमतीत दाखवितात, पण व्याज असतेच. त्यावरचा जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही आपल्या माथी येते. शिवाय रोख घेणाऱ्याला जी घासाघीस करता येते ती हप्तेवाल्याला येत नाही. ज्याचे स्वतःचे उत्पन्न नाही त्याचे हप्ते शेवटी वडीलच भरतात.

पाहून घ्यायची तर काय पाहावे? मान डोळ्याच्या रेषेत धरून सरळ आहे ना ते बघावे. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवावी, कोठे खरखर येते का ऐकावे. पडद्यांच्या कडा हाताला लागत असतील तर समजावे की उन्हाळ्यात पट्टी आक्रसली आहे. हे कानशीने सुधारता येते, पण किंमत पाडायला उपयोगी पडते. वायर खोवायचे भोक बहुतेक वरच्या पातळ फळीवरच असते. वायरीत पाय अडकून झटका बसला की तेथे फळी चिरते, म्हणून तेवढी जागा बारकाईने न्याहाळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळी बटणे फिरवून विजेवर वाजवून पाहावी. भरीव गिटारच्या मागे झाकण असते, चार स्क्रू काढले की तारा समोर. अर्धपोकळ गिटारमध्ये बहुधा तसे नसते. बिघडलेले बटण दोरा बांधून त्या एफच्या छिद्रातूनच बाहेर ओढावे लागते आणि पुन्हा तसेच आत घालावे लागते. त्या कामाची मजुरी ऐकून मामा म्हणाले, ‘यापेक्षा बाटलीत जहाज बांधणे सोपे.’ तेव्हा ‘आज स्वस्त घेऊ, पुढे पिकअप बदलू’ हा विचार अर्धपोकळीच्या बाबतीत करू नये. आज जशी वाजते तशी आवडली तरच घ्यावी.

आता माझा शेवटचा मुद्दा आपल्या प्राध्यापकवर्गासाठी. चाळीस हजार हा आकडा मी सहज लिहून गेलो, पण आपल्या वर्गातील निम्म्या मुलांना तो चारशे कोसांवरचा आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादनाची स्पर्धा असते. तिला आपल्याकडून ज्याच्या घरी वाद्य आहे तोच जाणार, गुण असलेला दुसरा कोणी आहे की नाही हे आपल्याला कळणारही नाही. कॉलेजच्या मालकीची पेटी आहे, तबल्याची जोडी आहे. क्रिकेटची बॅट आपण प्रत्येक खेळाडूला घरून आणायला सांगत नाही. मग विद्यार्थी निधीतून एक जुनी पण धड अर्धपोकळ गिटार घ्यायला काय हरकत आहे? ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ती आठवड्याच्या मुदतीने द्यावी, अनामत म्हणून पाचशे रुपये घ्यावेत, तार तुटली तर ज्याच्या हातून तुटली त्याने भरावी. किल्ली कोणाकडे राहणार यावर वाद होईल हे मला दिसते आहे. कन्नड व मराठी वाङ्मय मंडळांच्या चिटणिसांनी ती आळीपाळीने, एकेक सत्र ठेवावी. कवाडाआड ती कुजू नये म्हणून पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या म्हणजे झाले. त्या पुड्या मी देईन.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य