अरबी शिकायची, पण कशासाठी?

अरबी शिकतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, “दुबईला निघालास काय?” दुसरा आपल्या सीमाभागातला खास, “आधी कन्नड तरी धड बोल की!” कन्नड चालूच आहे. आणि नोकरीचं म्हणाल तर दुबईच्या आयटी ऑफिसात इंग्रजीवर भागतं.

माझं कारण साधं होतं. अ‍ॅपचा स्क्रीन अरबीत करायचा तर मेनू, बाण सगळं उजवीकडून डावीकडे फिरवावं लागतं. फोन नंबर मात्र डावीकडूनच वाचायचा! हे तपासायला अक्षरं ओळखता यावीत म्हणून ती 28 अक्षरं शिकलो.

खरी मजा पुढे आली. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांवर उभा असतो. ह-स-ल म्हणजे हाती येणं. त्यातून तहसील, म्हणजे गोळा करणं. महसूल, म्हणजे जे गोळा झालं ते. आणि आज्जी म्हणते ना, “भांडून काय हशील?”, ते हशीलही त्यातलंच. (वसूल मात्र या घरातला नाही, त्याचं मूळ वेगळं.) फारसी कारभारातून हे शब्द आपल्याकडे आले आणि इथलेच झाले.

आता आपल्याकडचे बोर्ड बघा. तालुका ज्या मुळातून आला त्याचा अर्थ जोडलेलं असणं. त्याचाच भाऊ इलाखा. बेळगाव-निपाणी एकेकाळी ज्या मुंबई इलाख्यात होते, तोच. जिल्हा म्हणजे मुळात बरगडी, बाजू. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यातले दावा, वकील, हक्क, तारीख सगळे अरबी. कन्नड शेजारीही जिल्ले, तालूकु, अर्जी, वकील असंच म्हणतो. बोर्ड मराठीत की कन्नडमध्ये, हा वाद आपल्या हक्काचा आहे आणि तो मी सोडत नाही. पण त्यावरचे निम्मे शब्द दोघांनी एकाच दुकानातून आणलेत, हे कळल्यावर भांडताना थोडं हसू येतं.

कुणी म्हणेल, असे शब्द काढूनच टाका. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो त्यासाठीच. खरं आहे. पण तो रचणाऱ्याला आधी ते शब्द नीट ठाऊक असावे लागले.

शिकायचं असेल तर लिपीपासून सुरू करा. शेजारी कुणाला उर्दू येत असेल तर बरीचशी अक्षरं त्यांच्याकडेच गिरवता येतील. अवघड जातो तो ‘ऐन’, घशातून काढायचा. मूळ अरबी शब्दात तो आहे, आपण ‘तालुका’ म्हणताना केव्हाच गिळून टाकलाय.