पार्सलच्या रश्शावर तवंग कोणत्या तेलाचा?

संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून परतणारी मोटारसायकल पाहा. हँडलला दोन पिशव्या लटकलेल्या असतात. एकीत फवारणीच्या औषधाची बाटली, दुसरीत हॉटेलची भाजी. (निदान पिशव्या तरी वेगळ्या असतात, एवढेच समाधान.) पनीर मसाला, काजू करी, शेवभाजी, अंडाकरी, नाहीतर चिकन हंडी. भाकरी घरची आणि कालवण हॉटेलचे, अशी रीत आता खेडोपाडी बसली आहे. पूर्वी असे पार्सल पाहुणा आला तरच यायचे. आता सोयाबीनच्या काढणीला मजुरांसाठी येते, ग्रामसभा संपल्यावर मंडळींसाठी येते, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर विचारूच नका. आठवड्यातून दोनदा-तीनदा जे पोटात जाते, त्याचा हिशेब मांडायला हवा की नको?

आपल्याकडे समज असा, की हॉटेलची भाजी बाधते ती तिखटामुळे. छातीत जळजळ झाली की शिव्या मसाल्याला. खरे म्हणजे हळद, धने, जिरे, लसूण, खोबरे हे सगळे आपल्या घरातही तेच आहे. दुखणे दुसरीकडे आहे. ते पाहायचे तर हॉटेलच्या मागच्या बाजूला जायला पाहिजे.

तिथे सकाळीच तीन-चार पातेली तयार करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, हळदीची पिवळी, आणि काजूची पांढरी. काजू महाग, म्हणून पांढरीत मगज बी घालतात. मेनूकार्डावर चाळीस नावे दिसतात, पण त्यातली बहुतेक या तीन पातेल्यांतूनच निघतात. ऑर्डर आली की दोन पळ्या लाल, एक पळी पांढरी, त्यात पनीर टाकायचे, झाली भाजी तयार. यात तेल तीनदा पडते. ग्रेव्ही शिजवताना एकदा, कारण भरपूर तेल असले की ती दिवसभर टिकते. ऑर्डरच्या वेळी फोडणीला दुसऱ्यांदा. आणि शेवटी वरून तर्री म्हणा, कट म्हणा, तो तिसऱ्यांदा. मिठाचेही तसेच, ग्रेव्हीत वेगळे आणि फोडणीत वेगळे.

हॉटेलवाल्यालाच दोष द्यायचा तर तेही खरे नाही. ज्या भाजीवर तवंग नाही तिला आपणच नावे ठेवतो. ‘काय रे, नुसतं पाणी दिलंस’ म्हणून दुसऱ्या ढाब्यावर जाणारे गिऱ्हाईक आपणच.

आता मोजून पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे मोठे दोन चमचे, तेही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे सपाट भरलेला लहान चमचा. पुढच्या वेळी पार्सल आणाल तेव्हा भाजी काचेच्या ग्लासात ओता आणि अर्धा तास तशीच ठेवा. वर आलेले तेल चमच्याने काढून वाटीत घ्या. चमचे मोजा आणि खाणाऱ्या तोंडांनी भागा. आणि हे फक्त वर आलेले तेल झाले, ग्रेव्हीत जिरलेले वेगळे. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणजे जवळपास एक लहान भाकरी. दिवसभर कुदळ मारणाऱ्याला त्या जिरतीलही. पण आता नांगरट ट्रॅक्टरने, पेरणी ट्रॅक्टरने, आणि शेतावर जायचे तेही गाडीवर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर असल्याचा अंदाज निघाला. साखर आणि रक्तदाब हे शहरी लोकांचे आजार, हे बोलणे आता सोडून द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांच्या रांगेत कोण उभे आहे ते तुम्ही पाहताच.

तेल किती, हा अर्धा प्रश्न. कोणते, हा उरलेला. स्वस्तात धंदा करणाऱ्या हॉटेलात बहुतेक वेळा पामतेलाचा डबा असतो. ते स्वस्त पडते, आचेवर टिकते आणि स्वतःची चव आणत नाही. यात बेकायदा काही नाही. पण जी स्निग्धता रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, ती पामोलिनमध्ये चाळीस टक्क्यांच्या पुढे असते. शेंगदाणा तेलात ती वीस टक्क्यांच्या आत, सोयाबीन तेलात पंधराच्या आसपास आणि करडईत दहाच्या आसपास. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, ही त्यातली चांगली गोष्ट. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावरही १ जुलै २०१८ पासून नियम आहे. तेलात पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही. पण रात्री नऊला रस्त्यावरच्या ढाब्यात ते मोजायला कोण येतो?

आणि हे तेल येते कुठून? इंडोनेशिया-मलेशियातून. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया मिशन सुरू केले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे आयात शुल्क उपकरांसह ५.५ वरून २७.५ टक्के केले, तेव्हा शेतकऱ्याला जरा बरे वाटले. मे २०२५ अखेर ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि बाजार समित्यांत आपला माल त्याखाली गेला. तो विकून आलेला माणूस येताना पामतेलाची भाजी बांधून आणतो. आता बोला!

पण उगाच भाबडी आशा नको. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के, बाकी सगळी पेंड. भाव ठरतो तो बराचसा पेंडीच्या मागणीवर. चार गावांनी पामतेल बंद केले म्हणून सोयाबीन वर जाणार नाही. करडई, भुईमूग, जवस यांची गोष्ट निराळी. ती पिके आपल्या शिवारातून गेली, पाठोपाठ गावचा घाणा गेला. नागपूरच्या सावजी रश्शाला पूर्वी जवसाचे तेल असायचे, असे जुने लोक सांगतात. थोड्या क्षेत्रावर करडई लावून घरापुरते तेल काढणे आजही जमण्यासारखे आहे.

पनीरचेही असेच. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेले बनावट पनीर बाजारात आले आहे. पाकिटावर तसे छापणे नियमाने बंधनकारक आहे. पण हॉटेलच्या ताटाला पाकीट नसते. दुधाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने याची चौकशी केली पाहिजे, कारण तेवढे दूध डेअरीत मागणीतून कमी झाले.

ढाबेवाला काही परका नाही, शेजारच्या गावचाच असतो. त्याला विचारा, ‘भाऊ, डबा कोणता वापरतोस?’ तर्री वेगळी बांधून दे म्हणा, तो देतो. मलई कोफ्ता आणि बटरवाल्या नावांपेक्षा साधी डाळ, पिठलं, अख्खा मसूर, भरीत घ्या, तेही कमी तेलात सांगून. घरून स्टीलचा डबा न्या, उकळता रस्सा प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घेऊ नका. रात्रीचे चिकन उरले तर सकाळी शेतावर नेऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांना एक सांगणे. सभेचे, शिबिराचे, मतदान केंद्रावरचे जेवण गावातल्या महिला बचत गटाला द्या. झुणका-भाकर, उसळ आणि ठेचा यांना कोणी नाही म्हणत नाही.

आणि संशय असेल तर कायदा तुमच्या हाती आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाईकालाही विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात त्याची माहिती मिळेल. मात्र तपासणी करणार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. घरी येऊन पोट बिघडल्यावर सांगितलेले चालत नाही.